टुणुक : म्हातारीच्या भोपळ्याचा बिनपैशाचा स्लॉट बांधताना (प्रकल्प नोंदी)

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

हे खटाटोप कशासाठी ते आधी लिहून ठेवतो. परवा दसऱ्याला ताईकडे जेवायला गेलो होतो. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून झाल्यावर गच्चीत घेऊन गेला आणि म्हणाला, "मामा, उन्हाळ्यात अकरा हजार घालवले मी." कुठल्याशा परदेशी साइटवरच्या स्लॉटवर, म्हणजे बटण दाबलं की चित्रांची रिळं फिरतात आणि सारखी चित्रं जुळली तर पैसे मिळतात अशा जुगारावर. परीकथेचं पुस्तक उघडतं, बोलका बेडूक, जादूची विहीर, पानं उलटली की बोनस. "एकदा बोनस लागला की थांबणारच होतो," म्हणे. (ताईला त्याने नंतर स्वतःच सांगितलं, म्हणून इथे लिहितोय.)

ओरडणार होतो, पण तोंड उघडल्यावर कळलं की आत नेमकं काय चालतं ते मलाही सांगता येत नाही. पंधरा वर्षं वेबसाइटी बांधून पोट भरतोय, तर हेही बांधूनच बघू.

नियम ठरवले: पैसे नाहीत, नाणी विकत घ्यायची सोय नाही, बक्षीस नाही, जाहिरात नाही. ऑगस्टमध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सहीही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे. कुणी हे वाचून असंच काही बांधणार असाल, तर "गंमत म्हणून दहा रुपये" सुद्धा मध्ये आणू नका.

गोष्ट आपली घेतली. लेकीकडे जाणारी म्हातारी, वाटेतले वाघ-कोल्हे आणि भोपळा. तीन रिळं, प्रत्येकावर २० घरं. एका रिळावर काय किती: म्हातारी १, वाघ २, कोल्हा ३, तूप-रोटी ४, काठी ५, भोपळा २, रिकामी ३. तीन सारखी आली की एका नाण्याला मिळणार: म्हातारी ५००, वाघ १००, कोल्हा ४०, रोटी २०, काठी ८. तीन भोपळे आले की बोनस.

५ ऑक्टोबर, रविवार

एकच ओळ, एकच रेघ (जिच्यावर तीन चित्रं जुळायला हवीत ती), अशी कच्ची आवृत्ती दुपारपर्यंत चालू झाली. चित्रांच्या जागी नुसती अक्षरं: म्हा, वा, को. बटण दाबत बसलो. काहीच होत नाही. पुन्हा दाबलं, काहीच नाही. कोडमध्ये चूक असणार म्हणून तासभर शोधत होतो. चूक नव्हतीच.

वहीत मांडल्यावर उजेड पडला. २० × २० × २० म्हणजे ८,००० जुळण्या. त्यात म्हातारीची १, वाघाच्या ८, कोल्ह्याच्या २७, रोटीच्या ६४, काठीच्या १२५. एकूण २२५. म्हणजे साधारण ३६ फेऱ्यांत एकदा काहीतरी मिळणार. परतावा, म्हणजे घातलेल्यातलं सरासरी किती परत येतं ते, काढला तर ५०० + ८०० + १,०८० + १,२८० + १,००० = ४,६६० भागिले ८,०००, म्हणजे ५८.२५ टक्के. बोनस हजार फेऱ्यांतून एकदा. परतावा ९६ च्या आसपास न्यायचा तर त्या एका बोनसने पावणेचारशे नाणी द्यायला हवीत, आणि तोवर माणूस झोपलेला असेल.

ऑनलाइन स्लॉटवर ९६ च्या आसपासचे आकडे सर्रास छापलेले दिसतात, म्हणून तेच लक्ष्य धरलंय. हे १०० नाण्यांमागे ९६ परत, पण लाखो फेऱ्यांच्या सरासरीत. आज रात्री तुम्हाला, असं नव्हे.

११ ऑक्टोबर, शनिवार

ओळी तीन केल्या, रेघा पाच: तीन आडव्या, दोन तिरप्या. एका फेरीला ५ नाणी. रेघांचा परतावा तोच राहतो, ५८.२५, कारण प्रत्येक रेघ आपापल्या नाण्यापुरती तशीच आहे. पण भोपळा आता रेघेवर नको, तीन घरांत कुठेही दिसला की चालेल. रिळावरचे दोन भोपळे लांब लांब ठेवले, त्यामुळे एका रिळावर भोपळा दिसण्याची शक्यता २० त ६, म्हणजे ०.३. तिन्हींवर ०.०२७. ३७ फेऱ्यांतून एकदा बोनस. हे खेळण्यासारखं आहे.

बोनस म्हणजे ८ 'टुणुक' फेऱ्या, नाणी न घालता, मिळकत तिप्पट.

इथून पुढचा दिवस वाया गेला, तो कसा ते सांगतो. कोडला स्वतःशीच १०,००० फेऱ्या खेळायला लावल्या. परतावा आला १०३. जास्त झाला म्हणून कोल्हा ४० वरून ३२ वर आणला. पुन्हा चालवलं, ११२. कोल्हा कमी केला तर वाढला कसा? रोटी कमी केली, ९७. खूश झालो. खात्रीसाठी परत चालवलं, काही न बदलता, १०९. संध्याकाळी साडेसातपर्यंत हेच. घरात गुरगुर सुरू झाली होती.

असल्या खेळात, जिथे बोनसमध्ये तीन म्हाताऱ्या जुळल्या की घातलेल्याच्या ३०० पट मिळतात, तिथे १०,००० फेऱ्या म्हणजे काहीच नाही. आकडा पाचसहा टक्के इकडेतिकडे सहज डोलतो. मी दिवसभर त्या डोलण्यालाच खिळे ठोकत होतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

सगळे आकडे मूळ जागी नेले आणि १ कोटी फेऱ्या लावल्या. चहा होईपर्यंत उत्तर: १०६.४. ह्यावेळी डोलणं नव्हतं, दुसऱ्यांदाही १०६ च्या वरच. म्हणजे दुकान उघडल्या दिवसापासून तोट्यात.

चूक बोनसच्या आतच निघाली. टुणुक फेरीत पुन्हा तीन भोपळे आले की आणखी ८ फेऱ्या मिळत होत्या. ते मी मुद्दाम लिहिलंच नव्हतं. नेहमीच्या फेरीचं फंक्शन (कोडचा तुकडा) बोनसमध्ये जसंच्या तसं वापरलं, त्यासोबत भोपळ्याची तपासणीही आत आली. ८ फेऱ्यांचा बोनस त्यामुळे सरासरी १०.२ फेऱ्यांचा होत होता. वाढलेल्या दोन फेऱ्या, तिप्पट मिळकतीने, आणि परतावा दहा टक्क्यांनी वर. एक ओळ घातली, मिटलं.

मग लक्षात आलं ते जरा लाजिरवाणं आहे. जुळण्या ८,०००च आहेत, तर फासे टाकत बसायचं कारणच काय? तीन लूप एकात एक, आठ हजारही जुळण्या एकेक करून मोजल्या. ५८.२५ × (१ + ०.०२७ × ८ × ३) = ९५.९९६. नेमका आकडा, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. कालचा अख्खा दिवस ह्या एका गुणाकारात मावत होता.

ह्या गणितातला दुसरा आकडा भाच्याला दाखवायचाय. ९६ पैकी जवळपास ३८ टक्के बोनसमध्ये आहेत. बोनस लागला नाही तर समोरचा खेळ ५८ टक्क्यांचा आहे. "बोनस लागला की थांबतो" म्हणणारा त्याची वाट बघत ५८ टक्क्यांच्या खेळात बसलेला असतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार (रात्री)

थोडक्यात, पण ह्या खड्ड्यात अनेकजण पडतील. घर निवडायला ब्राउझरची सोडतीसारखे आकडे काढून देणारी पक्की सोय (रँडम) वापरली, ० ते २५५ मधला एक आकडा, आणि त्याला २० ने भागून बाकी घेतली. २५६ ला २० ने नि:शेष भाग जात नाही. ० ते १५ ही घरं २५६ त १३ वेळा येतात, १६ ते १९ फक्त १२ वेळा. आणि माझी म्हातारी तिन्ही रिळांवर नेमकी १९ व्या घरात बसलेली! तीन म्हाताऱ्या जुळण्याची शक्यता जवळजवळ १८ टक्क्यांनी कमी झाली होती. खेळून हे कुणाला आयुष्यात कळलं नसतं. उपाय: २४० किंवा वरचा आकडा आला तर फेकून द्या, नवा घ्या.

रिळं गरगर फिरताना दिसतात ते नाटक आहे, हेही इथेच लिहितो. बटण दाबल्याच्या क्षणी तीन आकडे ठरलेले असतात, रिळं फक्त तिथे जाऊन थांबतात. १८९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे ह्याने लिबर्टी बेल बांधलं तेव्हा लोखंडी रीळ खरोखर जिथे थांबेल तिथे थांबे. १९८४ मध्ये इंगे टेल्नेसला आकडा आधी, रीळ नंतर ह्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट मिळालं. तेव्हापासून रिळावर दिसणाऱ्या घरांची संख्या आणि खरी शक्यता ह्यांचा संबंध असायलाच हवा असं राहिलं नाही. माझ्यात तो ठेवलाय.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

चित्रं आली. ओळखीच्या एका मुलीने काढली, सात चित्रं आणि जंगलाची पार्श्वभूमी, ६,००० रुपये. म्हातारी फार गोड झालीय. नाकात नथ, नऊवारीचा कासोटा, दात दोनच.

अक्षरांनी दीड तास खाल्ला. मोठं काही लागलं की 'म्हातारी!' हा शब्द एकेक अक्षर उडी मारत यावा असं मनात होतं. कोडमध्ये शब्द तोडला तर आधी 'म', मग एकटा हलन्त लंगडत, मग 'ह', मग हवेत लोंबकळणारा काना. ब्राउझरची अक्षरं तोडायची सोय वापरली. माझ्या लॅपटॉपवर बरोबर, ताईच्या जुन्या फोनवर 'म्' वेगळा आणि 'हा' वेगळा. शेवटी हातानेच 'म्हा', 'ता', 'री' असे तुकडे लिहून ठेवले. सातच शब्द आहेत, कशाला हुशारी.

आवाज: भोपळ्याच्या उडीला पोळ्यांचा रिकामा डबा उलटा धरून बोटाने टिचकी. हा प्रकल्पातला एकमेव भाग, जो पहिल्या फटक्यात जमला.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

आज द्यूतप्रतिपदा. मुहूर्त बरा आहे. ओवाळणी झाल्यावर भाच्याला लॅपटॉप दिला. वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर म्हणाला, "मामा, मेलाय हा." रास्त होतं. एका रेघेवर काही लागायची शक्यता २.८ टक्के, पाचांचे मिळून १४ च्या वर जाऊच शकत नाही. सातातल्या सहा फेऱ्या नुसत्या कोरड्या. "तो बेडूकवाला सारखा काहीतरी देत असायचा," तो म्हणाला.

मग तिथेच बसून बदल केला, आणि ह्या सगळ्या नोंदींतली एकच वाचायची असेल तर ही वाचा. तीन काठ्यांना ८ नाणी होती, ती काढली. त्याऐवजी डावीकडच्या पहिल्या दोन रिळांवर रेघेत काठी आली की २ नाणी, तिसऱ्यावर काहीही असो. आधी १२५ जुळण्या × ८ = १,०००. आता ५०० जुळण्या × २ = १,०००. परतावा होता तिथेच, ९५.९९६, एक पैचा फरक नाही. पण काठ्या रिळावर चार-चार घरांच्या अंतराने ठेवल्यामुळे काठीची मिळकत आता ३१.२५ टक्के फेऱ्यांत होते. बाकीचं धरून तिनांत एकदापेक्षा जास्त वेळा काहीतरी लागतं. दोन नाणी आली की काठी नाचते, डबा वाजतो, सोनेरी पट्टी चमकते.

भाचा पाऊण तास उठला नाही. फराळाची ताटली तशीच.

उठला तेव्हा विचारलं, किती झाले? "थोडाफार वर असेन." मी मागे मोजणी चालू ठेवली होती. २०० फेऱ्या, घातली १,००० नाणी, परत आली ७०५. काठी ६४ वेळा नाचली होती. त्यातल्या प्रत्येक वेळी ५ घालून २ आली होती. म्हणजे ६४ वेळा तीन नाणी गेली आणि ६४ वेळा आम्ही डबा वाजवला. तो काही बोलला नाही. चकली मोडून खात बसला.

ह्याला त्या धंद्यात जिंकण्याच्या वेषातली हार म्हणतात. ब्रिटनच्या जुगार आयोगाने ऑनलाइन स्लॉटमध्ये ही ३१ ऑक्टोबर २०२१ पासून बंद केली: घातलेल्याइतकं किंवा कमी परत आलं तर ते साजरं करायचं नाही. मीही काठीचा आवाज आणि चमक काढून बघितली. भाचा परत बसला, दहा फेऱ्यांत म्हणाला, "झाला परत मेलेला." आकडे तेच. काढला होता तो फक्त डबा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

माझ्या लेकीने, ओवीने (वय ६) मागून बघितलं आणि मांडीवर चढून बसली. मी नको म्हणेपर्यंत अकरा फेऱ्या झाल्या होत्या. पैसे, परतावा तिच्या गावीही नाही. तिला भोपळा हवा होता.

२०१७ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमधल्या जुगार आयोगाने आणि जाहिरातींच्या नियामकांनी मिळून कंपन्यांना पत्र धाडलं होतं: लहान मुलांना ओढतील अशी कार्टून, परीकथांची नावं आणि चित्रं जाहिरातींतून ताबडतोब काढा. वाचलं तेव्हा वाटलं होतं, मोठ्या माणसांच्या साइटवर मुलं कशाला जातात. मांडीवरच्या अकरा फेऱ्यांनंतर तसं वाटत नाही. माझ्याकडच्या सगळ्या भागांत सर्वात आधी काम केलं ते सहा हजारांच्या चित्रांनी.

तिने एक चूकही काढली. बोनसच्या पडद्यावर भोपळा आठ उड्या मारत जंगलातून लेकीच्या घराकडे जातो असं मी काढून घेतलं होतं. "बाबा, भोपळ्यातून ती परत येते. जाताना चालत जाते. काठीने." बरोबर आहे पोरीचं. जाते वाळकी, येते जाडजूड होऊन, भोपळ्यात बसून. अख्खी गोष्ट उलटी लावली होती. पार्श्वभूमी बदलून घ्यायला आणखी ८०० रुपये.

वेगाचंही आजच बघितलं. भरभर दाबत राहिलं तर सव्वा सेकंदाला एक फेरी होते. तासाला २,८८० धरा, फेरीला ५ नाणी, त्यातले सरासरी ४ टक्के जाणार: तासाला ५७६ नाणी. ब्रिटनमध्ये फेरी अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपता कामा नये असा नियम आहे. तेवढा थांबा घातला तर तासाला १,४४० फेऱ्या, २८८ नाणी. खेळ तोच, टक्का तोच, खिसा निम्माच रिकामा. एक ओळीचा बदल.

१ नोव्हेंबर, शनिवार

फसलेला दिवस. स्लॉट बनवणाऱ्या नेटएंट कंपनीच्या 'जॅक अँड द बीनस्टॉक'मध्ये चालता जोकर आहे: तो आला की फुकट फेरी मिळते, जोकर एक रीळ डावीकडे सरकतो, पुन्हा फेरी, असं तो पडद्याबाहेर जाईपर्यंत. टुणुक टुणुक जाणाऱ्या भोपळ्याला ह्याहून शोभणारं काय असणार? तिसऱ्या रिळावरचं एक रिकामं घर काढून तिथे चालता भोपळा बसवला, कोणत्याही चित्राची जागा घेणारा.

परतावा १६० च्या पार. एकच घर! पण ते वीसात तीनदा दिसतं, दिसलं की दोन फुकट फेऱ्या, आणि जोकरमधून जाणाऱ्या रेघेला आता तीनऐवजी दोनच चित्रं जुळवायची. आटोक्यात आणायचं तर बाकी सगळ्यांचे भाव निम्म्याने कापावे लागले असते, म्हणजे साध्या फेऱ्या आणखी कोरड्या. एका मजेची किंमत बाकीच्या प्रत्येक फेरीतून कापायची. शिवाय मागच्या फेरीचं पुढच्या फेरीत येत असल्याने आठ हजारांची साधी मोजणीही पुरेना. सात तासांनी सगळं उपटून टाकलं. जुनी प्रत ठेवली होती हे नशीब.

९ नोव्हेंबर, रविवार

भाच्याच्या होस्टेलवर दाखवला. बारा-तेरा पोरं, एक लॅपटॉप, कॉटवर गर्दी. पडद्याच्या वर आता दोन मोठे आकडे कायम असतात, 'घातली' आणि 'परत आली', आणि काठीच्या आवाजाला एक कळ ठेवलीय, चालू-बंद. त्यांना तेच सगळ्यात आवडलं. कुणीतरी बंद करायचं, बाकीचे ओरडायचे, परत चालू. परतावा दोन्हीकडे सारखाच आहे हे एकाने वहीत स्वतः मांडून बघितलं, माझ्यावर विश्वास नव्हता त्याचा. बरं झालं.

एक गोष्ट मी ठरवून केलेली नव्हती. ओवीच्या हट्टामुळे आठव्या उडीला म्हातारी घरी पोचते, दार लागतं, दिवा लागतो. पोरांपैकी निम्मी तिथेच थांबली. "पोचली ना आजी, चल चहा," म्हणत एकजण उठलाच. भाचा म्हणाला, बेडूकवाल्यात बोनस संपला की पुस्तकाचं पान लगेच उलटून परत पहिल्या पानावर यायचं, कळायचंही नाही कधी संपलं ते.

हिशोब: चित्रं ६,८०० रुपये, बाकी शून्य. वेळ साधारण ६० तास, त्यातले १५ तरी फुकट (अकरा तारीख आणि एक नोव्हेंबर). राहिलेलं: आयफोनवर पहिल्या स्पर्शाआधी डबा वाजत नाही, तिरप्या रेघा लहान पडद्यावर दिसत नाहीत, आणि ओवीचं म्हणणं आहे की वाघ फार हसरा झालाय, तो भुकेला दिसायला हवा. वाघाचे ३०० रुपये पुढच्या महिन्यात.